ड्युरॉनला दही

श्रीमंत माणसं जुनी घड्याळं जमवतात. नायगावच्या दिनानाथांनी गरिबांचे प्रोसेसर जमवले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, ह्यांच्याकडचे स्वस्तातले. थोरल्याला पेंटियम म्हणून मिरवायचं आणि खर्च झेपेना की धाकट्या सेलेरॉनवर भागवायचं, असा ते बनवणाऱ्या कंपनीच्या घराण्याचा रिवाज. असले पंधरा-वीस धाकटे दिनानाथांनी मसाल्याच्या डब्यात, वाटीवाटीत कापसावर निजवले होते.

"मोहरी तरी राहिली असती त्यात," त्यांची बायको आशालताबाई म्हणायच्या.

राजोडीचा फेबियनही असलाच, पण ड्युरॉनच्या, म्हणजे सेलेरॉनच्या वैरी कंपनीतल्या तितक्याच स्वस्त प्रोसेसरच्या पक्षाचा. सेलेरॉन वेगवान की ड्युरॉन, ह्यावर दोघं सहा वर्षं भांडत होते. निकालाची रीत ठरलेली होती: दोन कॉम्प्युटर शेजारीशेजारी मांडायचे, एकच गणित दोघांना घालायचं, आधी सोडवेल तो जिंकला. गणित चार तासांचं होतं आणि त्या काळी वसईत वीज सलग चार तास टिकायची नाही. यूपीएस दहा मिनिटं रडायचा आणि मग तोही जायचा.

दोन हजार सहाच्या दसऱ्याला मात्र योग आला. सणापुरतं भारनियमन रद्द झालं. त्याच रात्री फेबियन कायमचा कॅनडाला, लेकीकडे निघालेला. आज नाही तर कधीच नाही. त्यानं आदल्या संध्याकाळी आपला लाडका ड्युरॉन दिनानाथांच्या स्वाधीन केला.

"उद्या ह्या दोघांची परीक्षा आहे," दिनानाथांनी बायकोला बजावलं. "जीव टांगणीला लागलाय माझा."

सकाळी ते स्कूटरवरून राजोडीला गेले, फेबियनला मागे बसवून घेऊन आले. घरात पंखा फिरत होता. दोघांनी पंख्याला मनोमन हात जोडले.

पण दसऱ्याच्या पूजेच्या पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनचं चाक आणि मधोमध सेलेरॉन नि ड्युरॉन, पोटं वर करून. पोटावरच्या सोनेरी टाचण्यांत हळदकुंकू, अक्षता आणि वर काहीतरी पांढरं.

"हे काय आहे?" दिनानाथ पाटावर वाकले.

"दही," आशालताबाई म्हणाल्या. "परीक्षेला निघालेत ना? फेबियनभाऊजींच्याला पण घातलंय. दुजाभाव नको."

फेबियननं ड्युरॉनकडे पाहिलं, मग वहिनींच्या चेहऱ्याकडे. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डब्यातल्या ऐवजाला हात जोडले होते. आता ओरडायचं कोणत्या तोंडानं?

"धुऊन घेतो पटकन," दिनानाथ पुढे सरसावले.

"हात लावू नका! पुजलेलं हत्यार दसऱ्याला चालवतात होय? उद्या उत्तरपूजा झाली की न्या."

"अगं, हा आज जातोय!"

"मग त्यांना थांबवा. देवाला कसं थांबवू?"

"राहू दे दिनूशेठ," फेबियन म्हणाला. "माझा तर तसाही पहिला आला असता."

"तुझा? दही वाळेपर्यंत गणित कळलं नसतं त्याला!"

एवढं बोलून दोघं सोफ्यावर बसले. चार तास बसले. वीज एकदाही गेली नाही. बल्बनं डोळासुद्धा मिचकावला नाही.

निघताना आशालताबाईंनी फेबियनच्या तळहातावरही दही घातलं. तो ते चाटत दाराशी थांबला. "ड्युरॉन ठेवा तुमच्याकडेच. पण परीक्षा घ्या हं. खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी दिनानाथांनी जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं एकेक टाचणी घासली. दोघेही वाचले होते. कॉम्प्युटर मांडले, गणित घातलं. वीज होती. बटणावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. ड्युरॉन जिंकला तर हार मानायची कुणापुढे? सेलेरॉन जिंकला तर चिडवायचं कुणाला?

रविवारी कॅनडाहून फोन आला.

"काय दिनूशेठ, कोण जिंकलं?"

दिनानाथांनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता.

"काय सांगू फेबियन," ते म्हणाले, "ऐन वेळी वीज गेली रे."

आशालताबाईंनी पंख्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि उठून पंखा बंद केला.