सुचिताचं रक्त

“सिस्टर, माह्या रक्तात विष हाय काय? सासूबाई तसंच म्हन्तात.”

सुचिताने रिपोर्ट टेबलावर ठेवला. तिचं दुसरं बाळ जन्मतःच पिवळं पडलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं, त्याला महिना झाला होता. सासू मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून समजावून सांगायचं काम मंजुश्रीवर आलं. चौदा वर्षं ती या दवाखान्यात नर्स होती.

“विष नाही बाई. तुहं रक्त निगेटिव्ह, लेकरांचं पॉझिटिव्ह. पयल्या बाळंतपनात पोरीचं थोडं रक्त तुह्यात मिसळलं. शरीराले ते परकं वाटलं, त्यानं अँटिबॉडी बनवल्या. सुरुवातीच्या मोठ्या असतात, आई अन् बाळाच्या मधल्या वारेतून पलीकडे जात नाहीत. मागून बनतात त्या लहान. त्या बाळापर्यंत पोचतात. एरवी असल्याच लहान अँटिबॉडी बाळाले गोवरापासून वाचवतात. तुह्या या अँटिबॉडींनं बाळाचं रक्तच फोडलं.”

“याच्यावर इलाज नसते काय?”

“असते. पयल्या बाळंतपनानंतर तीन दिवसांत एक इंजेक्शन द्या लागते.”

“मले देलं होतं काय?”

मंजुश्रीने जुनी फाइल उघडली नाही. ते पान तिला पाठ होतं. पहिल्या बाळंतपणाच्या दिवशी इंजेक्शन संपलं होतं. खामगावहून उद्या येणारच, म्हणून तिने आधीच ‘दिले’ असं लिहून सही केली होती. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सुचिता तशीच घरी गेली. या खेपेला तीच नोंद बघून डॉक्टरांनी अँटिबॉडीची तपासणी केली नाही. महिनाभर मंजुश्री हे कुणाजवळ बोलली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “म्या न देताच लिहिलं. चूक माही हाय.”

सुचिताने टेबलावरचा रिपोर्ट परत हातात घेतला.

“म्हंजे माह्या रक्ताचा दोष नव्हता.”

“नव्हता.”

“मंग हे सासूबाईले सांगा. मोठ्यानं सांगा, त्याईले कमी आयकू येते.”

मंजुश्रीने सांगितलं. पहिल्यांदा मनकर्णाबाईंना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने सांगावं लागलं, की बाहेर बाकावर बसलेले पेशंट बोलायचे थांबले.

मनकर्णाबाईंनी मंजुश्रीकडे पाहिलंही नाही. “म्या हिले काय काय बोलली,” त्या पुटपुटल्या. मग भिंतीला हात टेकून उठल्या, दाराशी गेल्या आणि वाकून सुनेच्या चपला सरळ करून ठेवल्या.