वळूच्या पोटाखालची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे, गायीच्या गळ्यातली. अमेरिकेत, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत एका लोहाराने पत्रा वाकवून मला घडवले आणि वरून तांब्याचा मुलामा दिला. तो मुलामा कधीच उडून गेला. आवाज मात्र अजून तोच आहे.

ज्या घरची ती गाय होती, त्या घरात लव्हॉन नावाची लहान मुलगी होती. धार काढायची वेळ झाली की ती कुंपणावर चढायची, डोळे मिटायची आणि मी कुठे वाजते आहे ते ऐकायची. मग नेमकी त्याच टेकडीमागे जाऊन गायीला घेऊन यायची. धुके असो की हिमवादळ, ती कधी चुकली नाही. ते माझे सुखाचे दिवस होते, पण सुखात असताना ते कळत नाही एवढे खरे.

पुढे गाय म्हातारी होऊन मेली आणि मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकले. कोळ्यांनी माझ्या पोटात संसार थाटला. लव्हॉनचे लग्न झाले, मुलगा झाला, नवरा वारला, तरी माझी आठवण कुणाला झाली नाही. तिचा मुलगा गॅरेट मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला आणि एके दिवशी गोठ्यात येऊन म्हणाला, "आई, मी वळूवर बसणार आहे."

"का? खुर्चीवर बसायला काय झालं तुला?"

"मस्करी नको. रोडिओत, वळूवर टिकायच्या स्पर्धेत, नाव दिलंय मी."

लव्हॉनने त्याला रागावून पाहिले, रडून पाहिले, दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. पोरगा बधला नाही. शेवटी तिने मला खिळ्यावरून ओढले आणि त्याच्या हातात आदळले. "बसायचंच आहे ना? मग ही बांध दोराला."

मित्रांनो, वळूवर बसणाऱ्याच्या दोराला गाठ नसते. दोर वळूच्या छातीभोवती आवळतात आणि त्याचे टोक स्वार आपल्या मुठीभोवती गुंडाळतो. खाली, वळूच्या पोटापाशी, चामडी पट्ट्याने दोराला बांधलेली घंटा लोंबते. स्वाराने मूठ सोडली की घंटेच्या वजनाने दोर गळून पडतो. म्हणजे पडणे हेच माझे काम. मी वाजते आहे तोवर पोरगा संकटात, मी गप्प झाले की पोरगा सुटला.

गावोगावच्या लहान मैदानांवर लव्हॉन फळ्यांच्या बाकावर बसायची आणि लहानपणासारखीच डोळे मिटायची. माझा आवाज थांबला की तिचे डोळे उघडायचे. गॅरेट जिंकू लागला. लोक त्याची तारीफ करायचे, वळूचीसुद्धा करायचे. माझ्याकडे कोण पाहणार? मला त्याचे वाईट वाटले नाही. मला फक्त भीती वाटायची. पोटाखालच्या त्या अंधारात चार खूर माझ्याभोवती नाचत असायचे आणि एकच विचार मनात असायचा की आज मी पडले नाही तर?

अशी काही वर्षे गेली आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी गॅरेटची निवड झाली. डिसेंबरात आम्ही लास व्हेगासला गेलो. बरोबर ऑझी होता, गॅरेटचा जोडीदार, दोर ओढून द्यायचे काम त्याचे. लव्हॉनने घरच्या गोड पावांचा डबा आणला होता. हॉटेलच्या खोलीत शिरताच गॅरेटने हॅट काढून पलंगावर ठेवली आणि ऑझी विंचू चावल्यासारखा ओरडला.

"उचल ती! पलंगावर हॅट? अपशकुन असतो तो! आजच मरायचंय का?"

"गप रे, म्हाताऱ्या," गॅरेट हसला. हॅट मात्र त्याने पटकन उचलली. त्या दिवशी लव्हॉनने डबा उघडला, पण स्वतः घास खाल्ला नाही.

ऑझीने मला बोटाने टिचकी मारली. "काकू, हिला आता पेन्शन द्या. हल्ली छान जड घंटा मिळतात."

"मिळू देत. त्यांचा आवाज मला ओळखू येत नाही," लव्हॉन म्हणाली.

मैदान कसले, छप्पर घातलेले एक अख्खे गावच ते. संगीत एवढे मोठे की मला माझाच आवाज ऐकू येईना. मग वर, हजारो माणसांत बसलेल्या लव्हॉनला कसा येणार?

वळूचे नाव होते 'संडे स्कूल', म्हणजे लहान मुलांचा रविवारचा प्रार्थनावर्ग. नावावर जाऊ नका. त्या हंगामात त्याच्यावर कुणीही टिकले नव्हते. फाटकामागच्या लोखंडी कप्प्यात गॅरेट त्याच्या पाठीवर बसला. त्याने दोराचे टोक मुठीभोवती घेतले आणि मग करंगळीच्या फटीतून आणखी एक वेढा काढला.

"अरे, करंगळीतून नको! हात अडकेल," ऑझी ओरडला.

"आज मला सुटायचंच नाहीये."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ओढ तू दोर!"

फाटक उघडले. पुढचे मला नीट सांगता येत नाही. माती, खूर, पुन्हा माती. आठ सेकंद वळूवर टिकल्याचा भोंगा वाजला आणि लोक आनंदाने उभे राहिले. गॅरेटने मूठ सोडली, पण हात सुटला नाही. तो वळूच्या बाजूला चिंधीसारखा फेकला जाऊ लागला. लोकांच्या ते लक्षात आले. कुणीतरी संगीत बंद केले. एवढी माणसे एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत एकटी मी वाजत राहिले.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची किळस आली. लव्हॉन नंतर ऑझीला सांगत होती, "सगळं शांत झालं ना, तेव्हा मला वाटलं, सुटला. डोळे उघडणार तोच ती ऐकू आली."

वळूला हुलकावणी देणारे दोघे धावत आले. एकाने शिंगांसमोर उडी घेतली, दुसऱ्याने दोराचे टोक हिसडले. मी धुळीत पडले. वळूचा खूर माझ्यावर पडून एक बाजू चेपली. थोड्या अंतरावर गॅरेट पालथा पडला होता. कितीतरी वेळाने त्याचा एक बूट हलला.

मनगट मोडले, बरगड्या मोडल्या, पण जीव वाचला. घरी आल्यावर लव्हॉनने मला स्वयंपाकघराच्या दाराला टांगले. गॅरेट आत आला की मी वाजायचे, बाहेर गेला की वाजायचे. प्लास्टर निघाले, टेकड्यांवर गवत हिरवे झाले. मला वाटले, आता भीती संपली.

एका पहाटे खांद्यावर दोराची पिशवी घेऊन गॅरेट दारापाशी आला. त्याने माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, दोन बोटांत घट्ट धरली आणि दार हळूच उघडले. मला ओरडायचे होते, पण जीभच त्याच्या हातात होती. तो पायऱ्या उतरला.

"गॅरेट."

लव्हॉन गाऊनवरच मागे उभी होती.

"आई! तुला कशी जाग आली? घंटा तर वाजली नाही."

"तुझे बूट वाजले. मग घंटा वाजायची वाट बघत राहिले. ती वाजली नाही, तेव्हाच कळलं."

तिने मला दारावरून काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

"करंगळीतून घ्यायचा नाही."

"नाही घेणार."

"मैदान मोठं आहे?"

"नाही गं. लहानसंच आहे, फळ्यांची बाकं असलेलं."

"मग ऐकू येईल मला. थांब, कोट घालते."

मित्रांनो, आता मी त्यांच्या ट्रकमध्ये पिशवीत आहे. माझी भीती गेलेली नाही, लव्हॉनचीही नाही. तुम्हाला एवढेच सांगते, भीतीच्या वाटेने जायचेच असेल तर जा, पण घरच्यांच्या घंटेची जीभ धरून जाऊ नका. कुणीतरी डोळे मिटून ऐकत असते. आणि गॅरेट भेटला तर सांगा, माझा चामडी पट्टा अधूनमधून तपासत जा. आज मला वेळेवर पडायचे आहे.