बंद पाइपातला आवाज

मास्तरांच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक निजलं की दुसरं टाहो फोडायचं. त्यामुळे कारखान्यांच्या ऊर्जाबचत स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मास्तर एका पायावर तयार झाले.

"जरा शांतता तरी मिळेल," ते बायकोला म्हणाले.

"कारखान्यात? शांतता?"

"अगं, सुट्टीच्या दिवशीच जायचं असतं. यंत्रं थांबल्याशिवाय गळती कशी ऐकू येणार?"

गळती म्हणजे हवेची. कारखान्यातली निम्मी हत्यारं दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा पाइपांच्या सांध्यांतून फुसफुसत निसटते आणि ती भरून काढायला कंप्रेसर उगाच वीज खात बसतो. मास्तरांचा सगळा जन्म पाइपांना कान लावण्यात गेला होता. कान लावला की ते डोळे मिटत, आणि मग शेजारी तोफ डागली तरी हलत नसत.

या कारखान्याची मॅनेजरबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. म्हणून गुण सोबतचे प्राध्यापक देणार होते, मास्तरांनी फक्त ऐकून खरंखोटं सांगायचं, असं ठरलं होतं. बक्षीस मिळालं तर बाईंनी बसवलेली गळती रोखणारी यंत्रणा मालकाच्या सगळ्या कारखान्यांत बसणार होती. बाईंनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

रविवारी दुपारी ती दोघांना पडद्यासमोर घेऊन गेली. पडद्यावर प्रत्येक पाइपाची एक रेघ. सगळ्या सपाट.

"कुठे बारीक, एकसारखी, न थांबणारी हवा वाहायला लागली की यंत्रणा तिला गळती समजते आणि झडप आपोआप बंद करते," ती म्हणाली. "व्याख्या तुमचीच हं सर, पाठ केलेली."

"मास्तर, तुमचे कान आता मोडीत काढा," प्राध्यापक हसले.

मास्तरही हसले आणि पाइपांच्या रांगेतून चालू लागले. एवढा मोठा कारखाना, पण कुठे हूं की चूं नाही. प्रत्येक कारखाना बंद असतानाही थोडा कुरकुरतो. इथं आपल्याच चपलांचा आवाज मास्तरांना नकोसा झाला. एका पाइपाला कान लावला, दुसऱ्याला लावला. काही नाही. भिंतीकडच्या पाइपाला लावला आणि ते तिथंच थांबले.

हे फुसफुसणं नव्हतं. हवा आत ओढली जात होती. मग थांबत होती. मग बाहेर सुटत होती. परत आत.

"पोरी, इकडे ये. ऐक."

बाईंनी कान लावला. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काही नाही सर," ती म्हणाली.

प्राध्यापकांनाही काही ऐकू आलं नाही. "घरची पोरं कानात बसलीत तुमच्या!"

मास्तरांनी परत कान टेकवला. ओढणं जरा लांबलं होतं, घाईचं झालं होतं. पाइप बर्फासारखा गार लागला.

"हा कुठं जातो?"

"मागच्या टाकीकडे. पण हा बंदच आहे, सर. आज सकाळीच यंत्रणेनं इथली गळती पकडली आणि झडप लावली. तेच तर दाखवणार होते तुम्हाला."

"टाकीत कुणी आहे?"

"आज? सुट्टी आहे."

वर शिडीवर एकजण स्वागताचा बॅनर बांधत होता. त्याच्या बाह्यांवर रंगाचे शिंतोडे होते. तो खाली वाकून म्हणाला, "दादा आहे की टाकीत. आतनं रंग मारतोय. तोंडाला याच पाइपातल्या हवेची नळी लावलीय त्याच्या, बारीक हवा सारखी चालू असते तिच्यातनं. मी बाहेर राखणीलाच होतो, पण सकाळीच सुपरवायझर साहेब म्हणाले, पाहुणे यायचेत, झाडलोट कर नि बॅनर बांध."

 बाईंच्या तोंडून चमत्कारिक आवाज निघाला. शिडीवरचा माणूस उतरला की पडला, ते कुणाला कळलं नाही. तो "दादा, दादा" करत टाकीकडे धावत होता.

झडप उघडली. टाकीचं तोंड मोकळं करून त्याला बाहेर काढलं. नळी तोंडावर तशीच होती. एक हात टाकीच्या पत्र्यावर आपटून सोलला होता. घरून बोलावून आणलेल्या कारखान्याच्या डॉक्टरांनी हात धरला आणि लगेच सोडला.

"अंग कधीच ताठ झालंय. हा सकाळीच गेलाय."

"असं कसं? मी आत्ता ऐकला ना त्याचा श्वास," मास्तर म्हणाले.

प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भास झाला असेल, मास्तर."

बाई मातीतच बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मलाही ऐकू आला होता, सर. मी काही नाही म्हणाले."

त्या वर्षी पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. ती यंत्रणाही दुसरीकडे कुठं बसली नाही. मास्तरांनी आपल्या मतात एकच ओळ लिहिली होती, की या यंत्रणेला श्वास आणि गळती यांतला फरक कळत नाही.

रंगारी वारला तो त्या रविवारी सकाळी, परीक्षकांची गाडी फाटकातून आत येण्याच्या कितीतरी आधी.