सिरिलच्या हिरवळीवरची चिचुंद्री

एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं, मार्चचा शेवटचा आठवडा. मेबल प्रॉसर स्वयंपाकघरात पाव भाजत होती आणि डोक्यावरच्या फळ्यांवर काठीचे तीन ठोके पडले. तिचा नवरा सिरिल वर अंथरुणाला खिळून होता; काही हवं असलं की तो वरून असे ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे उशी. तीन ठोके त्याने तोवर कधी दिले नव्हते.

ती धावत वर गेली. सिरिल कोपरावर उठून खिडकीकडे बघत होता.

"माझं लॉन बघ."

"अरे, मी घाबरले ना! पाव करपतोय खाली."

"करपू दे. बघ आधी."

खाली हिरवळीवर काळ्याभोर मातीचे तीन ढीग होते. उपडी वाडगी मांडून ठेवावीत तसे.

"चिचुंद्री," सिरिल म्हणाला. "ती जमिनीखाली बोगदे खणणारी जात. आणि माझ्या लॉनमध्ये!"

सिरिल एकतीस वर्षं ब्रॉकहोपच्या छोट्या स्टेशनावर सिग्नलमन होता. उंच केबिनमधून रुळांवर नजर ठेवायची, कुठली गाडी किती वाजता गेली, किती वाजता आली ते वहीत लिहायचं, हे त्याचं आयुष्य. आणि सुट्टीच्या दिवशी हे लॉन. बी त्याने पेरलं, जमीन दाबायचा रोलर त्याने फिरवला, कडा गुडघ्यांवर बसून कात्रीने कापल्या. मेबलला त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा लांब, कोंबड्यांच्या खुराड्यामागे. सव्वीस वर्षं ती कडेकडेनेच चालत आली होती.

आता फुप्फुसांनी दगा दिला होता आणि त्याला जिना उतरवत नव्हता. डॉक्टर मेबलला फाटकापाशी घेऊन हळूच म्हणाले होते, "गवताच्या कापणीपर्यंत. फार तर." सिरिलला दिसण्यासारखं जे काही उरलं होतं, ते त्या एका खिडकीतून. ते तरी त्याच्या मनासारखं असावं, एवढंच मेबलने मनाशी धरलं.

तिने उपाय सुरू केले. शेजारच्या बाईने सांगितलं म्हणून बिळांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. दुसरीने सांगितलं म्हणून रिकाम्या बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या. वाऱ्याने त्या शिट्ट्या वाजवतात आणि चिचुंद्री पळते म्हणे. शिट्ट्यांनी सिरिलची झोप मोडली, चिचुंद्रीची नाही. मग हेरिंग माशांची डोकी पुरली. ती गावभरच्या मांजरांनी उकरून काढली आणि लॉनची अवस्था आणखी वाईट झाली.

"आता मांजरांसाठी कोणाला बोलावणार आहेस?" सिरिल वरून ओरडला. पण ओरडताना हसत होता.

त्याने जुनी वही मागून घेतली होती. रोज उजाडताच खिडकीत डोळे लावायचा, नवा ढीग कुठे आला, किती वाजता दिसला, ते लिहायचा. चिचुंद्रीला तो 'बाईसाहेब' म्हणू लागला. "बाईसाहेब आज गुलाबाकडे वळल्या," "आज बाईसाहेबांनी दोन काढले, पोटात भूक दिसते." आणि मग अंडं मागून घ्यायचा, सबंध खायचा.

शेवटी मे महिना अर्धा सरल्यावर मेबलने एनॉक बेबला बोलावलं. पंचक्रोशीतल्या कुरणांतल्या चिचुंद्र्या तो धरायचा, त्याच्या आधी त्याचा बाप धरायचा. सत्तरीचा गडी, कमी बोलणारा. त्याने आधी हात मातीत चोळून माणसाचा वास घालवला. मग काठीने जमीन टोचत टोचत बोगदा शोधला, त्यात लोखंडी सापळा बसवला आणि वर गवताचं ढेकूळ झाकलं.

"किती असतील हो?" मेबलने विचारलं.

"एकच."

"एवढे ढीग? एकीचे?"

"एकटीच राहते ती, बाई. दुसरी शेजारी आलेली खपत नाही तिला."

दुसऱ्या दिवशी ती सापडली. वळवळणारं काही नाही, काळ्या मखमलीचा एक छोटासा बटवा आणि पुढे दोन गुलाबी पंजे. एनॉकने रिवाजाप्रमाणे ती कुंपणाच्या तारेला टांगली. धरलेली चिचुंद्री तारेवर दाखवायची; नुसत्या शब्दावर या भागात कोणी विश्वास ठेवत नसे. आणि इथे तर बघणारा वर खिडकीत होता.

सिरिलने बराच वेळ पाहिलं. "एवढीशी?" तो म्हणाला.

मेबलने लॉन सारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी पडदा सरकवला तेव्हा सिरिल भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. अंडं परत आलं, चहा गार झाला. वही उशीखाली गेली.

नर्स गफ आठवड्यातून दोनदा सायकलवरून यायची. तिने नाडी बघितली आणि खाली येऊन हातमोजे घालता घालता म्हणाली, "मेबल, याचं आजारपण वाढलं नाहीये. याला उठून बघायला काही उरलं नाहीये."

"लॉन आहे की. सपाट झालंय."

"सपाट काय बघायचं गं?"

त्या रात्री मेबल विचार करत पडून राहिली. पहाटे पाचला उठली, सिरिलचे रबरी बूट पायांत चढवले, परसातल्या रुबार्ब भाजीच्या, खरकटं टाकायच्या वाफ्यातून बादलीभर माती उचलली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सिरिलला न सांगता लॉनच्या मधोमध चालत गेली. माती ओतली. कोणी बघितलं का म्हणून भोवती नजर टाकली आणि परत आली.

सात वाजता तीन ठोके पडले.

"मेबल! बेबने फसवलं आपल्याला! दुसरी आहे! बोलाव त्याला!"

एनॉक आला. ढिगापाशी उकिडवा बसला, बोटं खुपसली. खाली भोक नव्हतंच. मातीतून त्याने अंड्याचं टरफल काढलं, मग चहाची पत्ती. मेबलच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मेबल लाजून लाल झाली.

"काय म्हणतोस, बेब?" वरून सिरिलचा आवाज आला.

एनॉक उठला आणि खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ही मुरलेली आहे, साहेब! वेळ घेणार!"

मग सापळा बसवायचं सोंग करत खाली वाकून तो पुटपुटला, "चिचुंद्री माती ओतत नाही, बाई. खालून ढकलते. बोटांनी मधून उचला जरा. आणि टरफलं वेचून घ्या, चिचुंद्री अंडी उकडत नाही."

त्यानंतर रोजची पहाट तशीच जाऊ लागली. सातला मेबल चहा घेऊन वर यायची, पडदा सरकवायची आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहायची. आपण बाहेर बघितलं तर चेहऱ्यावरून कळेल, अशी तिला धास्ती.

"आज बाईसाहेब उशिरा उठल्या," सिरिल म्हणायचा.

"मला काय ठाऊक. मी चहा करत होते."

"ढीगही लहान आहे. दमल्या असतील. एखादा दिवस सुट्टी घ्या म्हणावं."

"चिचुंद्रीला कोण सांगणार?"

"तू सांग. तुझं ऐकतील." आणि थोड्या वेळाने, अंडं खाता खाता, "पावसात तर मुळीच नको म्हणावं. छातीत सर्दी बसते."

असे पाच आठवडे गेले. डॉक्टरांनी सांगितलेली कापणी झाली, गवत वाळलं, गंजी रचल्या गेल्या, तरी सिरिल होता. जूनच्या शेवटी एका दुपारी, वही पोटावर उघडी ठेवून, तो झोपेतच गेला.

दफन गुरुवारी झालं. शुक्रवारी मेबलला सवयीने पाचला जाग आली. सवयीनेच तिने बूट घातले, बादली भरली, ढीग केला. परत येऊन दोन कप चहा ओतला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. दोन्ही कप तसेच ठेवून ती पलंगावरच्या चादरी काढायला वर गेली. क्षणभर त्याच्या जागेवर बसली, आणि सिरिल बघायचा तसं तिने बाहेर बघितलं.

सगळं लॉन दवाने चंदेरी झालं होतं. आणि त्या चांदीवर स्वयंपाकघराच्या दारापासून ढिगापर्यंत बुटांच्या ठशांची गडद हिरवी रेघ गेली होती, ढिगापासून दारापर्यंत दुसरी परत आली होती. कोणी शाईने काढावी इतकी स्वच्छ.

मग तिने खिडकीतली वही उघडली. सुरुवातीच्या पानांवर ढिगांच्या जागा होत्या, वेळा होत्या. मे महिन्यातल्या त्या सकाळपासून पुढे जागा लिहिणं थांबलं होतं. रोज एकच ओळ, केबिनमधल्या वहीत लिहायचा तशा नेटक्या अक्षरात: 'पाच दहाला गेली. पाच पंचवीसला आली. सुखरूप.'

एनॉक बेब पुढे आठ वर्षं जगला. शेतकऱ्यांनी चिचुंद्र्यांसाठी विष लावलेली गांडुळं बोगद्यांत टाकायला सुरुवात केली तसं त्याचं काम संपत गेलं. त्याचे सापळे अजून कुणाच्या तरी कोठारात गंजत असतील. नर्स गफ निवृत्त होऊन समुद्रकाठी बहिणीकडे गेली आणि दर नाताळला मेबलला पत्र टाकत राहिली. ब्रॉकहोपचं स्टेशन बंद झालं, रूळ उचलले गेले, तिथेही गवत आलं.

मेबल त्याच घरात आणखी एकवीस वर्षं राहिली. दुसऱ्याच वर्षी लॉनवर खरी चिचुंद्री आली. तिला तिने राहू दिलं. ढीग असो वा नसो, ती रोज पहाटे सिरिलचे बूट घालून मधोमध जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. त्या दोन रेघा ऊन वर येईपर्यंत दिसायच्या.