माझ्या भिंगावरचं कुंकू

मी एक डिटेक्टर बोलतोय. उगाच माना डोलावू नका, मी काय करतो ते तुम्हाला ठाऊक नसणार. कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमजवळच्या एका प्रयोगशाळेत बसून मी एकेक प्रकाशकण टिपतो. कण आला की 'टिक्', एवढंच माझं बोलणं.

आमच्या संहिताची पीएचडी या बोलण्यावर लटकली आहे. स्फटिकातून प्रकाशकणांच्या जोड्या निघतात. एक माझ्याकडे येतो, जोडीदार समोरच्या माझ्या भावाकडे, म्हणजे दुसऱ्या डिटेक्टरकडे. मोजताना कोणी काय उत्तर द्यायचं, हे सटवाईने त्यांच्या कपाळी आधीच लिहिलेलं असतं का? असेल, तर दोघांच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. आमचा गेला होता! म्हणजे कपाळी काही लिहिलेलं नव्हतं. अट एवढीच, की आम्ही फार कण चुकवायचे नाहीत. चुकवले की शंकेखोर म्हणतात, न दिसलेल्यांतच लिखाण लपलंय.

आणि मी चुकवत नव्हतो हो!

मग आयुधपूजा आली. संहिताचे गाईड नरसिंह सर मोठे विद्वान. त्यांनी लेझरला झेंडू वाहिला, पान्यांना गंध लावलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "झाकणाची कसली पूजा?" झाकण काढलं आणि थेट भिंगावर ठसठशीत कुंकू! पान्याच्या मुठीला लावलं तर चालतं. मला मात्र डोळ्यातच लावलं.

दसऱ्यानंतर मोजणी पुन्हा सुरू झाली. कितीतरी कण कुंकवातच अडकले आणि मेळ मुकाट मर्यादेच्या आत येऊन बसला. सर म्हणाले, "पहिला निकाल योगायोग होता. प्रबंधातून काढून टाक." संहिता रडवेली झाली. तिने वाकून माझ्या भिंगात पाहिलं, तेव्हा कुठे कारण सापडलं.

"सर, भिंगावर कुंकू आहे. पुसू?"

"पूजेचं कुंकू पुसतात का गं? स्वल्प थांब, जाईल आपोआप."

"पण लेझर उद्या दुसऱ्या गटाकडे जाणार, सर."

"सरी, बरं, मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! तोवर तिची फेलोशिप संपलेली असेल. एवढी बुद्धी, आणि बोटभर कुंकवापुढे सगळी गहाण! माझा नुसता जळफळाट होतो. ओरडायला तोंड नाही.

आत्ता संहिता माझ्यासमोर बसली आहे. हातात स्पिरिटचा बोळा आहे. हात पुढे येतो आणि मागे जातो. घरच्या संस्कारांनी तिचं मनगट धरलंय.

पूस गं बाई. सर रागावतील, रागावू देत. देव रागावला तर माझं नाव सांग. मला पूजा नको, मला दिसू दे.