शोजीच्या कागदावरचा चेहरा

ज्या वर्षी फुसाएच्या आईला साठ वर्षं पूर्ण झाली आणि भावंडांनी मिळून रिवाजाप्रमाणे तिला लाल बंडी आणि लाल टोपी चढवली, त्याच वर्षी, म्हणजे १९६५ साली, फुसाए नोतोचा किनारा सोडून तोक्योला उराबे सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, घरी आली. आली ती स्वयंपाकाला. निघताना आईनं त्या लाल टोपीतूनच बजावलं, "चित्रं काढणाऱ्या माणसाचं घर आहे. पसारा असेल. नाक मुरडू नकोस."

पसारा होताच. जिन्याच्या पायऱ्यांवर जुन्या अंकांच्या थप्प्या होत्या, न्हाणीघरात शाईच्या बाटल्या होत्या. सेन्सेई चित्रकथा काढत. मुलींच्या एका साप्ताहिकात त्यांची 'शिओ' दर आठवड्याला येई. शिओ म्हणजे समुद्रात खोल बुडी मारून शिंपल्या काढणारी पोर. तिचा बाप बोटीवरून बेपत्ता झालेला, आणि ती वेडी पोर प्रत्येक बुडीत त्याला शोधणारी. फुसाएला अक्षरं जेमतेम येत होती. मुलांच्या अंकात अवघड अक्षरांच्या शेजारी सोपी अक्षरं छापतात, त्यांना बोट लावून लावून ती शिओचं बोलणं वाचू लागली. अशी ती सव्विसाव्या वर्षी वाचायला शिकली.

एके दिवशी मदतनीस मोरिवाकी तापानं आडवा झाला. सेन्सेईंनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "फुसाए, रेघेच्या आत काळं भरता येईल का?" तिनं हात पुसले आणि शिओचे केस भरून दिले. सेन्सेईंनी पान उजेडाला धरलं.

"मासा साफ करणारा हात आहे," ते म्हणाले. "उद्यापासून भात दुसरं कोणी लावेल."

"कोण?" सेन्सेईंच्या पत्नीनं आतून विचारलं. त्यांना सगळे ओकुसान म्हणत. "दुसरं कोण आहे या घरात? सरळ सांगा ना, बाई, तू लाव म्हणून!"

अशी फुसाए मेजाशी बसली. आधी केस, मग होड्या, मग लाटा. पुढे पुढे सेन्सेईंच्या समुद्रातली एकूण एक लाट तिचीच असे.

पण चेहरे मात्र कोणी काढायचे नाहीत. त्या घरातला तो नेम होता. पान मेजावरून फिरत जाई, घरं होत, दोर होत, ढग होत, माणसांचे कपडे आणि हातपायही होत, आणि खांद्यांवर मात्र कोरी डोकी राहत. मोरिवाकी म्हणे, "निघाली बघा, सोललेल्या अंड्यांची मिरवणूक." शेवटी ती पानं सेन्सेईंकडे जात. ते माझ्याकडे बघू नका म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. पानं परत येत तेव्हा खोलीत पाहुणे आल्यासारखं वाटे. फुसाएला इतक्या वर्षांत त्याची सवय झाली नाही. जरा वेळापूर्वी जिथं काही नव्हतं तिथून कोणीतरी तिच्याकडे बघत असे, आणि ती नकळत पदर सावरावा तशी आपला एप्रन नीट करी.

शिओ अकरा वर्षं चालली. वाचणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांच्याबरोबर शिओही वाढत गेली.

मग सेन्सेईंचे डोळे जायला लागले. डॉक्टर म्हणाले, "मधलं जाईल, कडेचं राहील." तसंच झालं. समोरच्या माणसाचं तोंड धुक्यात आणि दारातली मांजर मात्र स्पष्ट. ते मान वाकडी करून कागदाकडे तिरपे बघू लागले.

"अहो, कोंबडीसारखं काय बघताय?" ओकुसान म्हणायच्या. हसत म्हणायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ यायच्या नाहीत.

चेहरे घसरू लागले. एक डोळा वर, एक खाली. फुसाए कुणाला न सांगता पांढऱ्या रंगानं चुकलेली रेघ झाकी आणि नवी ओढी. एकदा सेन्सेईंनी तयार पानावरून सहज अंगठा फिरवला. पांढरा रंग वाळला की किंचित फुगतो.

"शिओचा डावा डोळा हल्ली माझ्यापेक्षा हुशार झालाय," ते म्हणाले.

फुसाएनं मान खाली घातली.

"असू दे. फक्त मला मूर्ख समजू नकोस. आंधळा समज हवं तर."

त्याच सुमारास त्यांनी ठरवलं, वर्ष संपायच्या आत शिओ संपवायची. १९७६ चा डिसेंबर होता. नव्या वर्षासाठी छापखाने बंद होतात, म्हणून डिसेंबरात सगळं आधीच द्यावं लागतं. शेवटचा भाग तयार झाला. शेवटचं पान सबंध एका चित्राचं होतं. गोष्ट बरीच वर्षं पुढं जाते आणि म्हातारी झालेली शिओ आयुष्यातली शेवटची बुडी मारून वर येते, एवढंच. फुसाएनं लाटा काढून ठेवल्या होत्या. मध्ये पांढरी जागा होती.

पहिल्या दिवशी सेन्सेईंनी तीन कागद फाडले, दुसऱ्या दिवशी किती ते कोणी मोजलं नाही. निब कागदात अडकून शाई उडायची. लहान चेहरे कसेबसे जमले होते, पण हा चेहरा त्यांच्या डोळ्यांतल्या धुक्यात बरोबर मावत होता आणि तिथंच नाहीसा होत होता.

साप्ताहिकाचे संपादक आंझाई पानं न्यायला येऊन बसले होते. ते उठून स्वयंपाकघरात आले. फुसाए मुळा सोलत होती.

"फुसाए-सान, एक विचारू? रागावू नका."

"आधीच असं म्हणताय म्हणजे रागावण्यासारखंच असणार."

"तुम्ही काढा. तो चेहरा. वर्षभर निम्मे चेहरे तुमचेच आहेत, मला काय दिसत नाही? कुणाला कळणार नाही."

"त्यांना कळेल."

"त्यांना दिसत नाही हो!" आंझाईंचा आवाज फुटला. वीस वर्षांचा त्यांचा न् सेन्सेईंचा संबंध. "शिओ बिनतोंडाची संपवू का मी?"

फुसाएला नाही म्हणता आलं नाही. हात तयार होता, हीच तर भीती होती. तिनं दुपारी दार लावून घेतलं आणि चेहरा काढला. शिओचीच भुवई, शिओचंच घट्ट मिटलेलं तोंड, वर सुरकुत्या. मोरिवाकीनं पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. "हुबेहूब," तो म्हणाला. फुसाएनं निब पुसून ठेवली. हे पान गेलं की सेन्सेई गोष्टीच्या आधीच संपणार होते, आणि ते तिच्याच हातून होणार होतं.

तिनं पान उचललं आणि सरळ सेन्सेईंसमोर ठेवलं.

"हे मी काढलंय."

त्यांनी अंगठा फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. कुठं पांढऱ्या रंगाचा फुगवटा नाही.

"किती सफाई! माझ्या हातून कधी झालं नाही असं." ते चिडले नव्हते. "पण फुसाए, ही आतापर्यंतची शिओ आहे. शेवटच्या पानावरची शिओ मी अजून कुणाला दाखवलेलीच नाही. तू ती कुठून आणणार?"

तेवढ्यात ओकुसान धापा टाकत दारात आल्या. काखेत कागदाच्या गुंडाळ्या होत्या. वर्ष संपताना घरातल्या शोजीच्या, म्हणजे लाकडी चौकटीच्या सरकत्या दारांचा, जुना कागद काढून नवा लावायचा असतो.

"या वर्षी तरी कोणी हात लावणार आहे का दारांना? की कागदावर कागद असलेल्या घरात मीच एकटी कागद चिकटवू?"

सेन्सेईंनी गुंडाळी हातात घेतली. ती चाचपली, थोडी उलगडली.

"सगळा आणलास?"

"सगळा. का?"

"आठ चटयांची मोठी खोली रिकामी करा," ते म्हणाले. "आणि खळीचा रुंद ब्रश आणा."

आंझाईंना वाटलं, सेन्सेईंचं डोकं फिरलं. पण फुसाएला समजलं. छापायचं पान नेहमी मोठं काढायचं आणि छापताना लहान करायचं, हे तर या धंद्यातलं रोजचंच. किती मोठं काढायचं, हे कुणी कुठं ठरवून दिलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खोलीत आलं तेव्हा पट्ट्या कडेला कडा चिकटवून वाळल्या होत्या. सबंध खोलीभर एकच कागद होता. न्हाणीघरातल्या घंगाळात शाई ओतली. सेन्सेई अनवाणी, बाह्या वर बांधून उभे राहिले. त्या क्षणी ते कुणालाही साठीचे वाटले नसते.

"मला खुणा हव्यात. दिसणाऱ्या नकोत, बोलणाऱ्या. फुसाए, तू हनुवटीशी. मोरिवाकी उजव्या कानात. तू," हे ओकुसानना, "कपाळावर. तिथून तू मला रोज बोलतेसच. आणि आंझाई-सान, तुम्ही डाव्या कानात. इतकी वर्षं माझे कान खाल्लेत, आज कानातच उभे राहा."

सगळे कडेला उभे राहिले. "बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?" मोरिवाकी.

"तू कधीपासून विचारून बोलायला लागलास?"

मोरिवाकी घोडेशर्यतीबद्दल बोलू लागला. ओकुसान मुळ्याचे भाव सांगू लागल्या. आंझाई नुसतेच "इथं आहे, इथं आहे" म्हणत राहिले. फुसाएच्या तोंडून किनाऱ्यावरच्या बायका होडीत म्हणतात ते वल्ह्याचे शब्द आले. आणि त्या चार आवाजांच्या मधून सेन्सेई चालू लागले.

ब्रश हातात धरलेला नव्हताच म्हणा, खांद्यापासून खाली सगळा माणूसच ब्रश झाला होता. ते पाठमोरे सरकत गेले आणि त्यांच्या पुढ्यात काळी वाट उरत गेली. वळताना ते कमरेतून वळत. एका जागी थांबले, श्वास घेतला, आणि अर्धं अंतर एका झोतात धावत गेले. शाईचा शिडकावा आंझाईंच्या पायमोज्यांवर उडाला, पण त्यांनी पाय हलवला नाही. कोणाचं बोलणं कधी थांबलं ते कळलं नाही. सेन्सेईंनाही आता आवाज लागत नव्हते. फुसाएला कागदावर काहीच ओळखू येत नव्हतं, फक्त काळे रस्ते दिसत होते. पण ज्या माणसाला रोज चहाचा पेला सापडत नाही, त्याचं पाऊल एकदाही ओल्या रेघेवर पडलं नाही.

"झालं," ते म्हणाले आणि खाली बसले.

चित्र एवढं मोठं की छापखान्याच्या कॅमेऱ्यात जाणं शक्य नव्हतं. शाई वाळल्यावर दुसऱ्या दिवशी तो कागद कपडे वाळवायच्या बांबूला बांधला आणि घराच्या माडीपासून समोरच्या तंबाखूच्या दुकानाच्या माडीपर्यंत, गल्लीच्या वर टांगला. साप्ताहिकाचा फोटोग्राफर खाली तिकाटणं लावून उभा होता. कागद उलगडत खाली आला.

शिओ होती. पण फुसाएनं कधी न पाहिलेली. पाण्यातून नुकतीच वर आलेली, तोंड उघडं आणि गोल. बुडी मारणाऱ्या बायका वर आल्यावर कोंडलेला श्वास शीळ घालून सोडतात, तो श्वास त्या तोंडातून निघत होता. डोळे बाप शोधत नव्हते. ते नुसते आकाश बघत होते, जणू आकाश पहिल्यांदाच दिसलं. टोफूवाल्यानं सायकल थांबवली आणि डोक्यावरची टोपी काढली, देवळासमोर काढावी तशी.

मग फुसाएचं लक्ष गालाकडे गेलं आणि ती दचकली. कागद तिनंच थेट चटयांवर अंथरला होता. पातळ कागद, कोरडा पडत गेलेला ब्रश. चटईची वीण गालभर उमटली होती. खाली फळ्या घालायला हव्या होत्या. एवढी वर्षं मेजावर काम करून ही साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

"सेन्सेई, माझ्याकडून चूक झाली. गालावर चटई उठलीय."

"कशी दिसते?"

तिनं पुन्हा वर पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही आणि बोलायची गरजही नव्हती. "मीठ आणि ऊन खाल्लेल्या कातडीसारखी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे गाल असेच असतात."

"मग तुझा तो पांढरा रंग तिथं नेऊ नकोस."

आंझाईंच्या पिशवीत, अडीनडीला म्हणून, फुसाएनं काढलेलं पानही होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, एकदा वर पाहिलं, आणि तिच्या हातात परत दिलं. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "फोटो नीट घ्या हो," ते फोटोग्राफरवर उगाचच ओरडले.

सेन्सेई चेहऱ्याच्या खाली उभे होते. त्यांनी मान वळवून तंबाखूच्या दुकानाकडे पाहिलं. फुसाएला आधी कळेना. मग कळलं, की दुसरीकडे बघितलं तरच त्यांना चेहरा दिसतो. एवढा मोठा चेहरा त्यांच्या नजरेच्या कडेत मावत होता. ते तसेच, शिओकडे पाठ झाल्यासारखे, पुष्कळ वेळ उभे राहिले. तंबाखूवाल्या आजीबाईंना वाटलं आपल्याकडेच बघताहेत. त्यांनी वाकून नमस्कार केला. सेन्सेईंनीही केला.

अंक निघाला तेव्हा तो चेहरा तळहाताएवढा झाला होता. पण रेघ तशीच होती, सबंध माणूस धावत गेल्यासारखी. साप्ताहिकाच्या कचेरीत वाचक मुलींच्या आया फोन करून विचारत, हे कशानं काढलं? आंझाई सांगत, "पायांनी."

त्यानंतर उराबे शिगेहारू यांनी चित्र काढलं नाही. पुढच्या वर्षी, १९७७ च्या जून महिन्यात, नऊ तारखेला सकाळी ते आपल्या घरी वारले. त्यांचं वय एकसष्ट होतं.