दोघींत एक टेबल

विभागप्रमुख शिबिराला गेले आणि बायकांचे कैवारी होऊन परतले. विज्ञान विभागांत बायका प्राध्यापक कशा आणाव्यात, आल्यावर कशा टिकवाव्यात, हे तिथे शिकवलं होतं. जेवण उत्तम होतं, एवढं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

त्यांच्या भौतिकशास्त्र विभागात बाई एकच. सगळे तिला बाईच म्हणत. दुसरी नसल्यावर नाव लागतं कुणाला? प्रत्येक समितीत एक बाई हवी असा नियम, म्हणून खरेदी समितीत बाई, वसतिगृहाच्या समितीत बाई, बागेच्या समितीतसुद्धा बाईच. पुरुष मंडळी त्या वेळात शोधनिबंध लिहीत. आणि वर्षाअखेरीस हेच प्रमुख विचारत, "बाई, तुमचं संशोधन यंदा थंड दिसतंय?" म्हशीला पिळून घ्यायचं आणि वर आटली म्हणून तिलाच बोल लावायचा.

आता नवी जागा भरायची होती, आणि नियमाप्रमाणे निवड समितीतही बाई होत्याच. दुसरी बाई आली तर समित्यांचं ओझं दोघींत वाटलं जाईल, आपलं रखडलेलं लेसरचं काम पुन्हा उभं राहील, या आशेवर बाईंचा जीव टांगला होता.

मुलाखतीला आलेली पोरगी तयारीची निघाली. समितीतल्या एका थोराड गृहस्थांनी विचारलं, "घरचं कसं जमवाल?"

"तुम्ही कसं जमवता, सर?"

गृहस्थांनी अर्जाचं पान उलटलं. त्यांचं घर कोण जमवतं, हा प्रश्न त्यांना जन्मात पडला नव्हता.

निवड पक्की झाली. तशी तिने विचारलं, "माझी प्रयोगशाळा कुठली?"

"बाईंचीच की," प्रमुख म्हणाले. "दोघी मिळून वापरा. बायकांना सोबत बरी असते."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. प्रयोगाचं टेबल एकच. एकीने आरसे जुळवायचे, दुसरीने ते हलवायचे. चार वर्षांत दोघीही थंड ठरल्या असत्या, आणि पुढच्या शिबिरात प्रमुखांनी सुस्कारा टाकला असता: आणतो हो, टिकत नाहीत.

"कोपऱ्यातली मोठी खोली बंदच आहे," बाई म्हणाल्या.

"ती आमच्या गुरुजींची आहे."

"ते निवृत्त होऊन जमाना झाला. आत मोडक्या खुर्च्या नि पंखे आहेत."

"भावना असतात, बाई."

"पंख्यांच्या?"

पोरगी खाली बघून हसली. प्रमुखांनी निवडीचा कागद पुढे सरकवला. "सही करा. नंतर बघू."

"आधी खोली."

"बाईच बाईची वैरीण म्हणतात, ते खोटं नाही."

"वैरीण असते तर मुकाट सही केली असती."

"मी दुसऱ्या कुणाची घेतो."

"नियमाने बाईचीच सही लागते. बोलवा कुणाला तरी."

प्रमुख तावातावाने दारापर्यंत गेले. बाहेर लांबलचक व्हरांडा, आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर नुसते बाप्ये. मग त्यांनी फोन लावला. "गुरुजी, नमस्कार... आपली हरकत नसेल तर..." अख्ख्या विभागावर गुरकावणारा माणूस भंगाराच्या खोलीसाठी मांजर झाला होता.

"दिली खोली," फोन ठेवून ते म्हणाले, जणू कल्पना त्यांचीच. बाईंनी ते त्यांच्याकडून निवडीच्या कागदावर लिहून घेतलं. प्रमुखांचा चेहरा लगेच उजळला. "बरं झालं. आता दोघी आहात, तर प्रत्येक समितीत दोन-दोन बायका घेता येतील."

सहीसाठी टेकवलेलं पेन बाईंनी उचललं.

"आणखी एक ओळ लिहा," त्या म्हणाल्या. "समित्या पुरुषांना जितक्या, तितक्याच आम्हाला."

"मग नियम कसा पाळायचा?"

"बायका वाढवा."